स्तनाचा कर्करोग, इम्प्लांट आणि त्यावरचं संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्तनाच्या कर्करोगावरच्या अभ्यासांमध्ये मी समन्वयक म्हणून काम करते. संमतिपत्र समोर ठेवल्यावर बायका आणि त्यांच्या घरचे जे विचारतात, आणि नंतर मेसेजवर जे पुन्हा पुन्हा येतं, ते इथे एकत्र केलं आहे. तुमची फाईल मी पाहिलेली नाही, त्यामुळे तुमच्या उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबतच घ्या. एक सवय मात्र आत्तापासून लावून घ्या. कुठलाही आकडा दिसला की विचारा: हा कोणामध्ये मोजला, किती काळात मोजला आणि कशाच्या तुलनेत? खालची बरीचशी उत्तरं या तीन प्रश्नांभोवतीच फिरतात.

१. आईचं नाव क्लिनिकल ट्रायलमध्ये घालू या म्हणतात. म्हणजे तिच्यावर प्रयोग करणार का?

हो, ट्रायल हा प्रयोगच असतो. शब्द गोड करून सांगण्यात अर्थ नाही. तो कुठल्या टप्प्यावरचा आहे, हे मात्र आधी विचारा. पहिल्या टप्प्यात नवं औषध किती मात्रेपर्यंत झेपतं ते पाहतात. दुसऱ्यात गाठीवर परिणाम होतो का ते पाहतात. तिसऱ्यात आजच्या सर्वमान्य उपचारांशी थेट तुलना होते. नुसती साखरेची गोळी देऊन बसवून ठेवतील ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. गुणकारी उपचार हाताशी असताना तसं करत नाहीत. खोटी गोळी असलीच तर ती नेहमीच्या उपचारांच्या जोडीला असते.

सही केल्यावरही कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. संमतिपत्र घरी न्या, रात्री सावकाश वाचा, न कळलेल्या ओळींवर खुणा करून आणा. टेबलावर बसल्या बसल्या सही करायची घाई कोणी करत असेल, तर तिथेच थांबा.

आणखी एक, ट्रायल म्हणजे नवं महागडं औषधच असं नाही. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती लिडोकेन हे भूल देण्याचं साधं, जुनं औषध टोचलं होतं. १,५८३ बायकांचे निकाल २०२३ मध्ये आले. पाच वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण इंजेक्शन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के होतं, दिलेल्या गटात ९०.१ टक्के.

२. कोणाला कुठला उपचार ते चिठ्ठी टाकून ठरवतात म्हणे. हा अन्याय नाही का? डॉक्टरांना तर माहीत असतं चांगलं काय ते!

डॉक्टरांना खात्रीने माहीत असेल, तर चिठ्ठी टाकणंच चुकीचं ठरेल. कुठलं बरं हे प्रामाणिकपणे माहीत नसतं, तेव्हाच संगणकाकडून गट पाडून घेतात. माणसाने गट पाडले की नकळत तब्येतीने धडधाकट बाई नव्या उपचाराकडे जाते, आणि मग सगळं यश त्या उपचाराच्या नावावर जमा होतं.

हे किती महागात पडतं त्याचं उदाहरण १९९० च्या दशकातलं आहे. अतिशय जास्त मात्रेची केमो द्यायची आणि मग रुग्णाच्याच मूळपेशी परत चढवायच्या, या उपचारावर सगळ्यांचा विश्वास बसला होता. हजारो बायकांनी तो सोसला, काही त्या उपचारानेच दगावल्या. १९९९ मध्ये चिठ्ठी पद्धतीच्या पाच अभ्यासांचे निकाल एकत्र मांडले गेले, तेव्हा चारांमध्ये जगण्यात फायदा दिसला नाही. पाचव्यात, दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासात, मोठा फायदा दिसला. पुढच्या वर्षी तपासणी झाली तेव्हा त्यातली माहितीच खोटी निघाली. चिठ्ठीबद्दल कोणी नाराजी दाखवली की मला त्या बायका आठवतात.

३. स्तन वाचवता येईल असं सर्जन म्हणतात. पण पूर्ण काढून टाकला तर कटकटच मिटेल ना?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. घरचे लोकही बहुतेक वेळा "काढूनच टाका" म्हणतात. प्रेमापोटीच म्हणतात.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला दोन मोठे अभ्यास झाले आणि दोन्हींनी २० वर्षं वाट पाहिली. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली १९७६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या १,८५१ बायकांचा पाठपुरावा झाला. इटलीत मिलानला उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी लहान गाठी असलेल्या ७०१ बायकांचा अभ्यास केला. दोन्हींचे २० वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले. स्तन पूर्ण काढलेल्या आणि वाचवलेल्या बायकांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही.

अमेरिकेतल्या अभ्यासातला दुसरा आकडाही लक्षात ठेवा. नुसती गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्यांपैकी ३९.२ टक्के बायकांच्या त्याच स्तनात पुन्हा गाठ आली, रेडिएशन घेतलेल्यांमध्ये १४.३ टक्के. म्हणून स्तन वाचवला की बहुतेकींना रेडिएशन हा त्याच उपचाराचा भाग असतो. "गाठ तर काढली, आता कशाला रोज चकरा" असं मनात आलं तर हे दोन आकडे पुन्हा वाचा. हे आकडे त्या काळच्या उपचारांचे आहेत. आज पुन्हा गाठ येण्याचं प्रमाण त्याहून बरंच कमी असतं.

अमेरिकेतल्या याच अभ्यासगटात एका सर्जनने काही रुग्णांची माहिती खोटी भरल्याचं १९९४ मध्ये जाहीर झालं. त्याचे सगळे रुग्ण वगळून पुन्हा हिशेब केला गेला आणि निष्कर्ष तोच राहिला. ज्या निष्कर्षावर एवढा संशय घेऊन पुन्हा तपासणी झाली, त्यावर मी जास्त विश्वास ठेवते.

अपवाद आहेत. एकाच स्तनात दूर दूर अनेक गाठी, आधी त्याच जागी रेडिएशन झालेलं असणं, स्तनाच्या मानाने फार मोठी गाठ, किंवा बीआरसीए या, स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या जनुकातला दोष. अशा वेळी पूर्ण काढण्याचा सल्ला योग्य असू शकतो.

४. काखेतल्या सगळ्या गाठी काढाव्याच लागतात का? हात सुजतो असं ऐकलंय.

पूर्वी सरसकट काढत. आता आधी पहिल्या एक-दोन लसिकाग्रंथी, म्हणजे सेंटिनल नोड, तपासतात. त्या स्वच्छ असतील तर बाकीच्यांना हात लावत नाहीत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झेड-००११ या अभ्यासात तर एक-दोन नोडमध्ये आजार असूनही बाकीच्या न काढलेल्या बायका तेवढ्याच जगल्या. मात्र त्या सगळ्यांची गाठ ५ सेंटिमीटरपर्यंतची होती, स्तन वाचवलेला होता आणि पूर्ण स्तनाला रेडिएशन मिळणार होतं. तुमची स्थिती यात बसत नसेल, तर हा निकाल जसाच्या तसा लावू नका.

५. शेजारणीला केमो दिली नाही, मला का देताय?

कारण स्तनाचा कर्करोग हा एकच आजार नाही. हार्मोनला प्रतिसाद देणारा, हर-टू हे पेशींवरचं प्रथिन वाढलेला आणि या दोन्हींपैकी काहीच नसलेला, अशा प्रकारांवर उपचार वेगवेगळे ठरतात. २०१८ च्या टेलरएक्स अभ्यासात हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या, हर-टू नसलेल्या आणि काखेत न पसरलेल्या आजारात, गाठीच्या जनुकचाचणीचा (आजार परत येण्याचा धोका सांगणारा) गुण ११ ते २५ असलेल्या पन्नाशीपुढच्या बायकांना केमोचा जादा फायदा झाला नाही. तरुण बायकांना गुण १६ ते २५ असताना थोडा झाला. शेजारीण कदाचित यातल्या पहिल्या गटातली असेल.

६. इम्प्लांट बसवल्यामुळे कर्करोग परत येतो का?

इम्प्लांट म्हणजे स्तनाला आकार देण्यासाठी आत बसवलेली सिलिकॉनची किंवा मिठाच्या पाण्याची पिशवी. स्तनाचा नेहमीचा कर्करोग इम्प्लांटमुळे होतो किंवा परत येतो असं आढळलेलं नाही. एक वेगळा, दुर्मिळ लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग) मात्र खरा आहे. तो प्रश्न ११ मध्ये आहे.

७. इम्प्लांटमध्ये गुंतागुंत होण्याचा धोका किती? एके ठिकाणी ९ टक्के वाचलं, एके ठिकाणी ३३!

दोन्ही बरोबर आहेत, आणि दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

ब्रिटनमध्ये ८१ केंद्रांवर झालेल्या आयब्रा अभ्यासात स्तन काढतानाच इम्प्लांटने पुनर्रचना केलेल्या २,१०८ बायका होत्या. पहिल्या तीन महिन्यांतच २५ टक्क्यांना जंतुसंसर्ग झाला, १८ टक्क्यांना पुन्हा दाखल व्हावं लागलं, १८ टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन टेबलावर जावं लागलं आणि ९ टक्क्यांचं इम्प्लांट काढावं लागलं. २०१९ मध्ये हे आकडे आले तेव्हा सर्जन मंडळींनाही धक्का बसला, कारण पुन्हा दाखल होणं, पुन्हा ऑपरेशन आणि इम्प्लांट काढणं हे प्रत्येकी ५ टक्क्यांच्या आत असावं अशी अपेक्षा होती.

दुसरा आकडा अमेरिका आणि कॅनडातल्या ११ केंद्रांचा. तिथे दोन वर्षं पाठपुरावा केला आणि पोटाची चरबी-कातडी वापरून केलेली पुनर्रचनाही धरली. २,३४३ बायकांपैकी सुमारे ३३ टक्क्यांना काही ना काही गुंतागुंत झाली. त्यात जखम उशिरा भरणं यासारख्या गोष्टीही आल्या. पुन्हा ऑपरेशन १९ टक्क्यांचं झालं. स्वतःच्या ऊतींनी केलेल्या पुनर्रचनेत गुंतागुंती जास्त, पण सगळं वाया जाण्याचं प्रमाण इम्प्लांटपेक्षा कमी होतं.

तंत्राचाही फरक पडतो. प्राण्यांच्या किंवा दात्याच्या कातडीपासून बनवलेली जाळी लावून एकाच बैठकीत इम्प्लांट बसवणं आकर्षक वाटतं, कारण एक ऑपरेशन वाचतं. नेदरलँड्समध्ये चिठ्ठी पद्धतीने याची तुलना झाली (२०१७). एका बैठकीच्या गटात गुंतागुंती, पुन्हा ऑपरेशन आणि इम्प्लांट काढावं लागणं, तिन्ही दोन बैठकींच्या नेहमीच्या पद्धतीपेक्षा बरेच जास्त निघाले.

म्हणून माझा आग्रह असतो, जगभराचा आकडा ऐकून झाला की तुमच्या सर्जनना विचारा: "गेल्या वर्षी तुमच्याकडे किती जणींचं इम्प्लांट तीन महिन्यांत काढावं लागलं?" चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही. तुम्ही धूम्रपान करत असाल, वजन खूप असेल किंवा साखर वाढलेली असेल, तर तुमचा धोका सरासरीच्या वर आहे असं धरून चाला.

८. नंतर रेडिएशन घ्यायचं आहे. तरी इम्प्लांट बसवावं का?

बसवतात, पण धोका माहीत करून घेऊन. प्रश्न ७ मधल्या उत्तर अमेरिकेच्या अभ्यासात रेडिएशन घेतलेल्या बायकांची वेगळी नोंद आहे. दोन वर्षांत गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण इम्प्लांट असलेल्यांत सुमारे ३९ टक्के, स्वतःच्या ऊती वापरलेल्यांत सुमारे २६ टक्के. ही तुलना चिठ्ठीची नव्हती, बायकांनी आणि डॉक्टरांनी पद्धत निवडली होती, हे ध्यानात असू द्या. तरीही फरक मोठा आहे.

काही जणी रेडिएशन संपेपर्यंत थांबतात आणि मग स्वतःच्या ऊतींनी पुनर्रचना करून घेतात. काही जणी करतच नाहीत. छाती सपाट ठेवणं हाही पूर्ण निर्णय आहे, अर्धवट सोडलेला उपचार नव्हे. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुनर्रचना नको म्हणणाऱ्या बाईला "अहो, पण का?" असं दहा जण विचारतात.

९. इम्प्लांट असलेला स्तन हळूहळू घट्ट होतोय, वर सरकल्यासारखा दिसतो. हे काय आहे?

इम्प्लांट ही शरीराला परकी वस्तू, त्यामुळे शरीर तिच्याभोवती आवरण तयार करतंच. ते आवरण आकसलं की स्तन कडक होतो. याच्या बेकर यांनी ठरवलेल्या चार पायऱ्या आहेत: पहिलीत स्तन मऊ, दुसरीत हाताला थोडा घट्ट, तिसरीत आकार बिघडलेला दिसतो, चौथीत दुखतोही. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बहुतेक वेळा आवरण काढावं किंवा मोकळं करावं लागतं. रेडिएशन, जंतुसंसर्ग आणि आत रक्त साचणं यांनी शक्यता वाढते. जोरजोरात मालिश करून आवरण "फोडण्याचा" सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात इम्प्लांट फाटू शकतं. कडकपणा अचानक आला किंवा सोबत सूज असेल, तर प्रश्न ११ वाचा.

१०. इम्प्लांट किती वर्षं टिकतं? फुटलं तर कळेल ना?

आयुष्यभराची वस्तू म्हणून ते बसवू नका. वर्षं जातात तशी बदलण्याची किंवा काढण्याची शक्यता वाढत जाते. मिठाच्या पाण्याचं फुटलं तर स्तन बसतो, लगेच कळतं. सिलिकॉनचं फुटलं तर बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामक संस्थेचा, सल्ला आहे की सिलिकॉन इम्प्लांट असेल तर त्रास नसतानाही ५ ते ६ वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा आणि त्यानंतर दर २ ते ३ वर्षांनी. मॅमोग्राफी या कामाची नाही.

११. इम्प्लांटमुळे लिम्फोमा होतो म्हणे. खरं आहे का?

खरं आहे. याचं नाव लांबलचक आहे, पण लक्षात ठेवायचं एवढंच: हा स्तनाच्या ऊतींचा कर्करोग नव्हे. इम्प्लांटभोवतीच्या आवरणात आणि तिथल्या पाण्यात वाढणारा हा लसिकापेशींचा कर्करोग आहे. पहिली नोंद १९९७ ची. एफडीएने २०११ मध्ये धोक्याची सूचना दिली, जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये त्याला वेगळा आजार म्हणून नोंदवलं. खरखरीत पृष्ठभागाच्या, म्हणजे टेक्स्चर्ड, इम्प्लांटशी त्याचा संबंध आहे. जुलै २०१९ मध्ये एफडीएच्या नोंदीत जगभरचे ५७३ रुग्ण आणि ३३ मृत्यू होते. तेव्हाच अ‍ॅलरगन कंपनीची बायोसेल प्रकारची इम्प्लांट जगभरातून परत घेतली गेली.

धोका किती, या प्रश्नावर आकड्यांचा गोंधळ पुन्हा दिसतो. नेदरलँड्समध्ये इम्प्लांट असलेल्या सगळ्या बायका धरल्या, तेव्हा वयाच्या पंच्याहत्तरीपर्यंत सुमारे ७,००० मध्ये एक असा अंदाज आला. न्यूयॉर्कच्या एका कर्करोग केंद्रात टेक्स्चर्ड इम्प्लांटने पुनर्रचना केलेल्या ३,५४६ बायकांचा दीर्घ पाठपुरावा केला, तेव्हा ३५५ मध्ये एक. पहिल्या हिशेबात गुळगुळीत इम्प्लांटवाल्याही आहेत. दुसऱ्यात सगळ्याच टेक्स्चर्डवाल्या आणि एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं तपासलेल्या. तुमचं इम्प्लांट कुठलं आहे त्यावर ठरवा कुठला आकडा तुमच्या जास्त जवळचा.

लक्षण ओळखायला सोपं आहे. ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली, बहुतेकींत आठ-दहा, आणि एक स्तन अचानक सुजला, आत पाणी भरलं. कधी गाठ लागते. अशा वेळी "मार लागला असेल" म्हणून गरम पाण्याने शेकत बसू नका. सोनोग्राफी करून ते पाणी सुईने काढायचं आणि सीडी-३० या चाचणीसाठी पाठवायचं. पाणी काढून फेकून दिलं आणि तपासलं नाही, असं होऊ देऊ नका. आवरणापुरता मर्यादित असताना इम्प्लांट आणि संपूर्ण आवरण एकत्र काढलं की बहुतेकी बऱ्या होतात, अनेकींना केमोही लागत नाही. उशीर झाला तर उपचार वाढतात.

२०२२ मध्ये एफडीएने आणखी एक सूचना दिली: आवरणात स्क्वॅमस पेशींचा कर्करोग आणि इतर लिम्फोमाही सापडले आहेत. संख्या फार थोडी आहे आणि ते सगळ्या प्रकारच्या इम्प्लांटभोवती आढळले.

१२. माझं टेक्स्चर्ड आहे, काहीच त्रास नाही. काढून टाकू?

त्रास नसेल तर केवळ भीतीपोटी काढण्याचा सल्ला एफडीएने दिलेला नाही, कारण काढण्याच्या ऑपरेशनचेही धोके आहेत. रोज चिंतेने झोप उडत असेल तर सर्जनशी बोला, तेही कारण खरंच आहे. इम्प्लांटचं कार्ड शोधून ठेवा. त्यावर कंपनी, प्रकार आणि क्रमांक असतो. ते हरवलं असेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथून ऑपरेशनच्या नोंदींची प्रत मागा. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने औद्योगिक सिलिकॉन वापरल्याचं २०१० मध्ये उघड झालं, तेव्हा आपल्या शरीरात कोणतं इम्प्लांट आहे हे तपासायला हे क्रमांकच उपयोगी पडले.

१३. थकवा, सांधेदुखी, काही आठवत नाही. डॉक्टर म्हणतात मनाचे खेळ. इम्प्लांटमुळे असू शकतं का?

ही लक्षणं बायका खोटी सांगत नाहीत. एफडीएही ती नोंदवते आणि २०२१ पासून इम्प्लांटच्या माहितीपत्रकातल्या चौकटीतल्या ठळक इशाऱ्यात त्यांचा उल्लेख आहे. पण नेमकी चाचणी नाही आणि कारण सिद्ध झालेलं नाही. आधी थायरॉईड, रक्त कमी असणं, संधिवात, आणि कर्करोगाच्या औषधांचे परिणाम तपासून घ्या. हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांनी सांधे दुखतात हे तर नेहमीचंच. इम्प्लांट काढल्यावर अनेकींना बरं वाटल्याचं अभ्यासांत आलं आहे. १५० बायकांच्या एका अभ्यासात आवरण पूर्ण काढलं की नाही याने लक्षणं कमी होण्यात फरक पडला नाही. त्यामुळे केवळ या लक्षणांसाठी "आवरणासकट अखंड काढायलाच हवं" असं कोणी मोठा खर्च सांगून म्हणत असेल, तर दुसरं मत घ्या. लिम्फोमाची गोष्ट वेगळी, प्रश्न ११ पाहा.

१४. मिसेसच्या इम्प्लांटला संसर्ग झालाय आणि केमो सुरू व्हायची आहे. आधी काय?

कर्करोगाचा उपचार आधी. चालू संसर्गात केमो देता येत नाही, त्यामुळे औषधांनी लवकर आटोक्यात येत नसेल तर इम्प्लांट काढून टाकणं हाच जवळचा मार्ग ठरतो. कॅलिफोर्नियातल्या नोंदींच्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांहून उशिरा केमो सुरू झालेल्यांचे निकाल वाईट दिसले, विशेषतः हार्मोन आणि हर-टू दोन्ही नसलेल्या आजारात. काही दिवस पुढेमागे झाल्याने घाबरू नका, पण इम्प्लांट वाचवण्यासाठी महिने घालवू नका. ते नंतर पुन्हा बसवता येतं.

१५. एक्स्पांडर बसवलाय आणि एमआरआय सांगितलाय. चालेल का?

एक्स्पांडर म्हणजे इम्प्लांटआधी कातडी ताणण्यासाठी बसवलेली, हळूहळू फुगवायची पिशवी. बऱ्याच एक्स्पांडरच्या झडपेत चुंबक असतं आणि त्यासह एमआरआय करता येत नाही. मशीनजवळ जाण्याआधी तंत्रज्ञांना कार्ड दाखवा. तपासणी विसरून कोणी आत घेत असेल तर तुम्ही स्वतः सांगा.

१६. पेट स्कॅनमध्ये काखेत चमकलं. कर्करोग परत आला असं समजायचं का?

लगेच नाही. फुटलेल्या इम्प्लांटमधलं सिलिकॉन काखेतल्या ग्रंथीत जाऊन बसतं, तिथे दाह होतो आणि दाहसुद्धा पेटवर चमकतो. रेडिओलॉजिस्टना इम्प्लांटबद्दल सांगा. सोनोग्राफीत सिलिकॉनची खूण बहुतेक वेळा ओळखता येते. तरी शंका उरली तर सुईने बायोप्सी. बायोप्सीशिवाय "परत आला" हा शब्द कोणाकडूनही स्वीकारू नका, आणि बायोप्सीशिवाय "सिलिकॉनच आहे" हाही नको.

१७. सौंदर्यासाठी आधीच इम्प्लांट होतं, आता गाठ सापडली. माझे पर्याय संपले का?

संपले नाहीत. मॅमोग्राफी करताना इम्प्लांट मागे सरकवून जादा चित्रं घेतात, त्यामुळे तंत्रज्ञांना आधीच सांगा. सोनोग्राफीखाली सुईची बायोप्सी इम्प्लांटला धक्का न लावता होते. सेंटिनल नोडची तपासणीही बहुधा जमते. स्तन वाचवणंही शक्य असतं, फक्त रेडिएशननंतर इम्प्लांटभोवतीचं आवरण आकसण्याची शक्यता बरीच वाढते (प्रश्न ८ आणि ९). काही सर्जन म्हणूनच त्याच वेळी इम्प्लांट काढायचा सल्ला देतात. गाठ काढताना इम्प्लांटचं काय करायचं, नंतर आकसलं तर काय, आणि ते काढलं तर स्तन कसा दिसेल, या तिन्हींची उत्तरं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नव्हे, तारीख ठरवण्याआधी घ्या. सोबत इम्प्लांटचं कार्ड न्या.